शहाळ्यातले परके दाणे

आमच्या नेरुळच्या इमारतीत आता विरजण मागायला कोणी येत नाही; 'केफिरचे जास्तीचे दाणे आहेत का?' म्हणून येतात. केफिर म्हणजे हे दाणे घालून आंबवलेलं आंबटसर पेय. मलाही दाणे तसेच मिळाले. मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत दोन चमचे दाणे, वर चिकटवलेली चिठ्ठी: 'नारळ केफिर'. दिसायला भिजलेल्या साबुदाण्यासारखे, फक्त कडा तुटलेल्या.

चिठ्ठी चुकीची होती. नारळाचे म्हणून वेगळे दाणे नसतात. केफिरची घराणी दोन, आणि नारळ दोन्हीकडे पाहुणा.

पहिलं घराणं दुधाचं, उत्तर कॉकेशसमधल्या कराचाय आणि बाल्कर लोकांचं. तिथे चामड्याच्या पिशवीत दूध आंबवत. हे दाणे फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे असतात: जिवाणू आणि यीस्ट एका चिकट पदार्थात एकत्र बांधलेले, त्या पदार्थाचं नाव केफिरान. मॉस्कोत दाणे आणणारी इरिना साखारोवा आणि तिला पळवून नेणारा सरदार, ही गोष्ट चवीने सांगतात. मी ती दंतकथांच्या डब्यातच ठेवते. त्या काळाची हवा मात्र खरी होती. १९०८ साली नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव आंबट दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडत होते आणि युरोप ते कान देऊन ऐकत होता.

दुसरं घराणं पाण्याचं. १८९२ मध्ये मार्शल वॉर्ड यांनी इंग्लंडमधल्या जिंजर बिअरच्या अशाच दाण्यांचा अभ्यास मांडला. १८९९ मध्ये लुट्झ यांनी मेक्सिकोतल्या 'तिबी' या तशाच दाण्यांवर लिहिलं, ज्यांचा संबंध तिथल्या निवडुंगाशी सांगतात. माझ्या बरणीतले दाणे या घराण्याचे. त्यांचं अंग डेक्स्ट्रान नावाच्या चिकट पदार्थाचं, आणि ते घडवायला त्यांना आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, लागते. घोडं इथेच अडतं. कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात असते मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, या वेगळ्या साखरा. ते आंबतं झकास, पण दाणे वाढत नाहीत. तिसऱ्या खेपेला माझे दाणे बोटांत चुरले, रव्यासारखे. साखरपाण्यात दोन दिवस ठेवले तेव्हा कुठे सावरले. मेच्या उकाड्यात घट्ट झाकण लावायची चूक एकदाच केली. फेस ओट्यावरून थेट फरशीवर.

गंमत म्हणजे नारळ आंबवायला कोकणाला कधी परके दाणे लागले नाहीत. पहाटे माडावरून उतरलेली नीरा उन्हं चढली की आपोआप माडी होते. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट पुरतं. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्यावर पकड घट्ट केली. गोव्याकडे सान्नां, म्हणजे तिथल्या इडल्या, फुगवायला हीच माडी वापरत आले. मी आता तसंच करते: आंबलेलं शहाळ्याचं पाणी थोडं आंबोळीच्या पिठात. नारळाच्या दुधात हे दाणे टाकून पाहिले, तर सोलकढीला छान आंबटपणा आला, पण दाणे तेलकट झाले ते धुता धुता हात दुखले.

तब्येतीचं म्हणाल तर बढाया फार आहेत. केफिरने लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचायला मदत होते, हे २००३ मध्ये १५ जणांवर पाहिलं गेलं, तेही दुधाच्या केफिरवर. शहाळ्याच्या पाण्यात मुळात लॅक्टोजच नाही. दूध न सोसणाऱ्यांना ते चालतं, एवढं खरं. शहाळ्याच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि आंबवल्याने ते उडून जात नाही, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. थोडं अल्कोहोलही तयार होतं. लहान मुलांना देताना हे लक्षात हवं. पहिल्या आठवड्यात पोट गुडगुडतं, तेव्हा अर्ध्या वाटीवरच थांबावं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दाणे मागायला आल्या. बरणी देताना जुनी चिठ्ठी काढून नवी लावली: 'पाण्याचे दाणे. दोनदा शहाळ्यात, मग साखरपाण्यात. झाकण सैल.'