सातबाऱ्यावरचं नाव आणि जमिनीची मालकी

सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली झाली, ही समजूत गावोगावी पक्की आहे. न्यायालयं मात्र वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सवर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात हेच म्हटलं. मग सातबारा कशासाठी? तो मुळात साऱ्यासाठी, म्हणजे जमीन महसुलासाठी आहे.

पेशवाईत मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे, उपरी नुसता कसणारा. १८१८ नंतर कंपनी सरकारला आधी वसुली हवी होती. प्रिंगल या अधिकाऱ्याची पुण्याजवळच्या इंदापुरातली सारा-आकारणी इतकी जड झाली की लोक गावं सोडून गेले. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तिथेच नव्याने काम हाती घेतलं: सर्व्हे नंबर, जमिनीची प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. ज्याच्या नावावर नंबर, त्याने सारा भरायचा. भरतोय तोवर जमीन त्याची, आणि ती विकायला-गहाण टाकायलाही तो मोकळा.

या मोकळिकीनेच घात केला. जमीन विकली जाऊ शकते म्हटल्यावर सावकार तिच्यावर कर्ज देऊ लागला आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यावर ती घेऊही लागला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, तो उद्रेक जिल्ह्याबाहेर पसरला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. १९०१ मध्ये महसूल कायद्यात दुरुस्ती होऊन, परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा शर्तीवर जमीन देण्याची सोय झाली. आजच्या नवीन शर्तीचं, म्हणजे भोगवटादार वर्ग-२चं, एक मूळ इथे आहे. लोकांना ती शर्त जाच वाटते. मला ती सुप्याच्या आगीतून आलेली रास्त सावधगिरी वाटते.

हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नोंदीला एवढंच वजन दिलं की उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरावी. मालकीचं हस्तांतर वेगळ्याच वाटेने चालतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखत लागतं. फेरफार, म्हणजे महसुली दफ्तरातला नावाचा बदल, त्यानंतरचा. आणि विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा खत नोंदवणारा दुय्यम निबंधकही करत नाही.

म्हणून सातबारा मागे-मागे जात वाचावा. नावापुढचा फेरफार क्रमांक घ्यायचा, तो फेरफार काढायचा, त्यातून त्याआधीचा. कंसात गेलेली, म्हणजे कमी झालेली नावं का गेली, ते पाहायचं. इतर हक्काच्या रकान्यात कूळकायदा कलम ४३ चा शेरा असेल तर २०१४ पर्यंत परवानगीशिवाय विक्री नव्हती; आता कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर साऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरून परवानगीविना विकता येते, एरवी परवानगी लागतेच. सगळ्यात जास्त लक्ष वारसनोंदीवर हवं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. बहिणींची नावं लागलीच नसतील, किंवा लागून नुसत्या जबाबावर कमी झाली असतील, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवल्याशिवाय इसार देऊ नये.