दांडपट्टा
मराठ्यांचे एक लढाऊ हत्यार व ते चालवण्याची कला. लांब, सरळ, लवचीक पाते आणि हात कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा हे त्याचे मुख्य भाग. खोबळ्याच्या आत पात्याशी काटकोनात आडवी मूठ असते. ती धरली की मनगट जखडले जाते, म्हणून तलवारीसारखा मनगटाचा झटका इथे देता येत नाही. वार खांद्यातून व कमरेतून, सबंध अंग फिरवून काढावा लागतो. पट्टेकऱ्याची खरी परीक्षा पायांच्या पवित्र्यात होते ती यामुळेच.

उत्पत्तीविषयी एकमत नाही. पट्टा मुघल अमदानीत घडला असे काही अभ्यासक मानतात. दुसऱ्या मतानुसार दक्षिणेतील, पंजा झाकणाऱ्या लांब पात्याच्या कट्यारींपासून तो विकसित झाला. आडवी मूठ दोन्हींत सारखीच असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाती मात्र पुष्कळदा युरोपीय बनावटीची आढळतात. युद्धातील प्रत्यक्ष वापर मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांतला.

पट्ट्याच्या लढतीचे सर्वांत बोलके वर्णन सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाचे आहे (१० नोव्हेंबर १६५९). अफझलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन शिवाजी महाराजांवर धावला आणि महाराजांचे अंगरक्षक जिवा महाला यांनी त्याला मारले, एवढे सर्वश्रुत आहे. जिवा महालांच्या हाती त्या वेळी पट्टाच होता, अशी लोकसमजूत आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९७च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत तपशील निराळा येतो. तिच्यानुसार महाराजांनी जिवा महालांजवळचा पट्टा स्वतः घेतला, पट्टा व बिचवा (लहान वाकडी कट्यार) यांची कातर करून, म्हणजे ती कात्रीसारखी एकमेकांवर आडवी धरून, सय्यदाचे चार वार अडवले आणि पाचव्या वाराआधी जिवा महालांनी फिरंगेने (युरोपीय धाटणीच्या सरळ पात्याच्या तलवारीने) खांद्यावर घाव घालून त्याचा पट्ट्याचा हात हत्यारासकट तोडला. बखर घटनेनंतर जवळपास चार दशकांनी लिहिलेली असल्याने तिचा प्रत्येक शब्द प्रमाण धरता येत नाही. तरी हत्याराच्या रचनेशी हा तपशील नेमका जुळतो. कोपराखालचा हात लोखंडात सुरक्षित असतो, तेव्हा उघडा राहतो तो दंड आणि खांदा. शिवाय खोबळ्यातला हात झटकन बाहेर काढता येत नाही. पट्टा जवळून पाहिलेल्या माणसानेच हे लिहिले असावे. वाई परिसरातील कोंडवली हे जिवा महालांचे गाव मानले जाते.

शिक्षणाची सुरुवात लाठी व फरी-गदग्याने (सरावाची लहान ढाल व छडी) होते. पुढे पट्टा व ढाल, त्यानंतर दोन्ही हातांत पट्टे. तळहातावरचे लिंबू कातडीला धक्का न लावता कापणे हे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या आखाड्यांनी ही परंपरा विशेष जपली. प्रतापगडावर मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीच्या सुमारास होणाऱ्या शिवप्रताप दिनीही मर्दानी खेळ होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले.