वही मिटल्यावर शब्द पाठ होतो

बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या वहीत अवघड इंग्रजी शब्दांची यादी हमखास असते. डावीकडे ‘एफेमेरल’, उजवीकडे ‘क्षणभंगुर’. खाली ‘फ्रूगल’, समोर ‘काटकसरी’. यादी रोज वाचली जाते आणि चार-पाच वाचनांत सगळं येतंय असं वाटू लागतं. परीक्षेत मात्र शब्द ओळखीचा वाटतो, अर्थ काही केल्या आठवत नाही. मुलं मग स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देतात, याचं मला फार वाईट वाटतं. चुकते ती पद्धत.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह दिले होते; ‘मशुआ’ म्हणजे होडी, असे. आधी जोड्या वाचायच्या, मग अर्थ आठवून लिहायचे, पुन्हा वाचायच्या, पुन्हा लिहायचे. एखादा शब्द एकदा बरोबर आला की त्याचं पुढे काय करायचं, हे मात्र प्रत्येक गटासाठी वेगळं ठेवलं होतं. एका गटाने तो शब्द वाचणं सोडलं, पण आठवून लिहिणं चालू ठेवलं. दुसऱ्या गटाने नेमकं उलट केलं. आठवड्यानंतर परीक्षा झाली. आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचत राहिलेल्यांना सुमारे ३६ टक्के.

त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आठवड्याने किती शब्द आठवतील, असं विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. सगळ्याच गटांचा अंदाज जवळपास सारखा आला: निम्मे. कोणाचं पाठांतर पक्कं आहे आणि कोणाचं कच्चं, याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. वाचताना अर्थ डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तो शोधावा लागत नाही. आणि डोळ्यांना सरावाचं झालेलं आपल्याला ‘येतंय’ असं वाटतं. आठवताना तो खरोखर शोधून काढावा लागतो, आणि या खटाटोपानेच तो पुढच्या वेळी लवकर सापडतो.

दुसरा मुद्दा उजळणीमधल्या अंतराचा. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञांनी घरातल्याच तिघींना सोबत घेऊन स्वतःवर प्रयोग केला. चौघांनी परक्या भाषेतले ३०० शब्द शिकले, ते वेगवेगळ्या अंतराने घोकले आणि पुढे पाच वर्षांपर्यंत काय टिकलं ते तपासलं. १९९३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दर १४ दिवसांनी २६ वेळा केलेली उजळणी आणि दर ५६ दिवसांनी केलेल्या फक्त १३ उजळण्या, दोन्हींचं फळ जवळपास सारखंच निघालं. अंतर वाढलं की दर वेळी आठवायला जड जातं, चुकाही जास्त होतात, पण निम्म्या कष्टांत तेवढेच शब्द राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्द घोकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्यातले बरेच येतीलही. मुलाखतीपर्यंत ते राहत नाहीत.

बाजारातल्या पुस्तकांत समानार्थी शब्दांचे गट करून देतात, तेही नवख्याला जाचक ठरतं. थॉमस टिंकम या संशोधकांच्या १९९३च्या प्रयोगांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण असे शब्द एकमेकांत मिसळतात. ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ एकाच दिवशी घेतले, तर कोण काटकसरी आणि कोण चिक्कू, हा घोळ होणारच. आधी ‘फ्रूगल’ पक्का होऊ द्यावा, ‘स्टिंजी’ दोन-तीन आठवड्यांनी घ्यावा.

वहीतल्या यादीऐवजी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं तर पुढच्या बाजूला शब्द एका छोट्या वाक्यात लिहावा, अर्थ मागे. अर्थ मोठ्याने म्हणून मगच कार्ड उलटावं. बरोबर आला तर ते तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने काढावं. चुकला तर उद्याच्या गठ्ठ्यात टाकावं. आणि एकदा बरोबर आला म्हणून कोणतंही कार्ड फेकून देऊ नये.