टेफल आणि टोफल: एका कान्याचा घोळ

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. व्हिएतनामला शिकवायला जायचंय म्हणून तिनं राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये टोफलची फी भरून टाकली होती. "सर, नोकरीच्या जाहिरातीत टेफल लिवलंय. एकच की ओ ते?"

एकच नव्हे. देवनागरीत फरक एका कान्याचा, पण त्यापायी तिची फी बुडाली. क्लासवाल्यानं परत दिली नाही ती नाहीच.

टोफल ही परीक्षा आहे. १९६४ साली सुरू झाली, आता ईटीएस ही अमेरिकी संस्था घेते. वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं या चार अंगांनी तुमचं इंग्रजी जोखायचं, एवढंच तिचं काम. निकाल दोन वर्षं चालतो. मुळात ती परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी.

टेफल म्हणजे परीक्षा नाही, एका कामाचं नाव: इंग्रजी ज्यांना परकी आहे त्यांना ती शिकवणं. त्या कामाचे कोर्स असतात आणि या नावाला कुणी एक मालक नाही. पुण्यामुंबईत कुणीही 'कोल्हापुरी मिसळ' अशी पाटी लावतो, कट तोंडात गेल्यावर खरं काय ते कळतं, तसंच हे. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारेही टेफलच आणि महिनाभर घाम काढणारेही टेफलच. त्यात १२० या आकड्यानं घोळ वाढवलाय. टेफलचा नेहमीचा कोर्स १२० तासांचा आणि टोफलचे गुण वर्षानुवर्षं १२० पैकी. '१२०चं टेफल' ऐकून तिला ते गुणच वाटले होते.

कोर्स निवडताना एकच प्रश्न विचारावा: खऱ्या विद्यार्थ्यांपुढे मी किती तास उभा राहणार, आणि मागच्या बाकावर बसून ते कोण बघणार? केंब्रिजच्या सेल्टा या कोर्साला मान आहे तो यामुळे. त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक ते तपासतात. निव्वळ ऑनलाइन कोर्सात बहुधा हेच नसतं.

"पण सर, माझं बी.एड. झालंय की." झालंय, आणि ते कामालाही येईल. पण आपण इथं 'सिन्स' आणि 'फॉर' कसं शिकवतो? "सिन्स म्हणजे पासून" म्हटलं की पुढचा धडा. हनोईच्या वर्गात हा टेकू नाही. पोरांना मराठी येत नाही, तुम्हाला व्हिएतनामी येत नाही. मग फळ्यावर काळाची रेघ ओढायची, रेघेवरच्या एका टिंबावर बोट ठेवून 'ही हॅज बीन हिअर सिन्स मंडे', बोट पुढं सरकवत 'फॉर थ्री डेज'. मग "आज तो इथंच आहे का?" असे छोटे प्रश्न विचारून पोरांना खरंच कळलंय का ते बघायचं. "समजलं का?" विचारलं तर सगळा वर्ग मान डोलावतो, हनोईत काय नि हातकणंगल्यात काय. टेफलच्या चांगल्या कोर्सात हेच घोटून घेतात. टोफलला कितीही गुण मिळवा, यातलं काही येत नाही.

मग टोफल वायाच का? तसंही नाही, आणि इथं पासपोर्टचा मुद्दा येतो. थायलंडमध्ये इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा शिक्षकांकडून शाळा टोफल किंवा टोईक, आयेल्ट्स अशा इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षेचे गुण मागतात. व्हिएतनामात वर्क परमिटसाठी पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा सातच इंग्रजी भाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीयांना वाट आहे ती २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारातून, तीही इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असेल तरच. म्हणजे बी.एड. इथं उपयोगी. जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असेल तर मात्र टेफल-टोफलचे दोन्ही कागद घरीच ठेवा. मला ते पटत नाही, पण आहे ते असं आहे.

तिला म्हटलं, टोफल राहू दे. जायचं नक्की झालं आणि कुणी मागितलं तरच दे, नाहीतर दोन वर्षं उगाच सरतील. सध्या ती रविवारी शिरोलीला जाते. एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांत कामाला आलेल्या ओडिया कुटुंबांची आठ-दहा पोरं जमवलीत. तिला ओडिया येत नाही आणि हिंदी वापरायची नाही असा तिनं स्वतःलाच नियम घातलाय. पहिल्या रविवारी वीस मिनिटांत तिचं बोलणंच संपलं.