दीडशे सीसीची गाडी आणि कॅलिफोर्नियाचा फ्रीवे

कॅलिफोर्नियात फ्रीवेवर, म्हणजे चौक नसलेल्या जलद महामार्गावर, चढणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी बऱ्याचदा एक पाटी दिसते. पादचारी, सायकली आणि ‘मोटर-ड्रिव्हन सायकली’ यांना इथून पुढे मनाई. पहिल्या दोघांचं कळतं. तिसऱ्याची व्याख्या तिथल्या वाहन कायद्यात आहे: १५० सीसीपेक्षा लहान इंजिनाची मोटरसायकल. पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, गेलेल्या माणसाला हे जरा झोंबतंच, कारण आपल्याकडे दीडशेची गाडी म्हणजे दमदार गाडी. त्यातही गंमत अशी, की नावात १५० मिरवणाऱ्या पल्सरचं इंजिन प्रत्यक्षात १४९.५ सीसीचं आहे. अर्ध्या सीसीसाठी ती फ्रीवेच्या बाहेर.

अर्ध्या सीसीने काहीच बिघडत नाही, हे उघड आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण ती साधारण याच आकड्यापाशी का ओढली गेली, याचं उत्तर इंजिनात नाही, हवेत आहे.

गाडी सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालली असेल, तर इंजिनाची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्याला पुरे पडणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत. सरळ बसलेला स्वार, उघडी गाडी, दोघांचं मिळून वजन २३० किलो असं धरून हिशोब केला, तर ताशी ८० किलोमीटरला मागच्या चाकाशी साधारण ६ अश्वशक्ती लागतात. १०० ला साडेअकरा. १२० ला साडेएकोणीस. म्हणजे वेग दीडपट केला की ताकद तिपटीहून जास्त मागते. आपल्या आठ अश्वशक्तीच्या शंभर सीसी गाड्या ऐंशी-नव्वदच्या पुढे का जात नाहीत, ते एवढ्यात कळतं. तिथे हवेची भिंतच उभी राहते. टाकीवर पोट टेकवून, कोपरं आत ओढून पोरं पाच-सात किलोमीटर जास्त काढतात ते खरं आहे, कारण त्याने हवेला भिडणारा आकार लहान होतो. पण त्या अवस्थेत तासभर गाडी हाकून दाखवावी.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक फ्रीवेंवर वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर. काही ठिकाणी ७० मैल. रस्ता मोकळा असला की गाड्या सर्रास त्याच्या वर धावतात. दीडशे सीसीच्या, साधारण १४ अश्वशक्तीच्या इंजिनातून साखळी आणि गिअरमध्ये दहा-बारा टक्के गेले, की चाकाशी सव्वाबारा-साडेबारा उरतात. १०० च्या वेगाला त्यातले साडेअकरा हवेने आणि टायरने खाल्ले. शिल्लक किती? पाऊणएक अश्वशक्ती.

माझ्या मते सगळा प्रश्न या शिलकीचा आहे. ‘माझी गाडी शंभर जाते’ हे वाक्य फ्रीवेवर जवळजवळ निरुपयोगी आहे. शंभरवर असताना आणखी किती हातात आहे, ते विचारावं. एवढ्याशा शिलकीवर वेग १०० चा ११० करायचा म्हटलं तर गाडी दोन-तीन किलोमीटर कशीबशी वाढेल आणि तिथेच अडेल. २५ अश्वशक्तीची गाडी तेच काम योग्य गिअरमध्ये अडीच सेकंदांत करते, ३९ अश्वशक्तीची कावासाकी निंजा ३०० त्याच्याही निम्म्या वेळात. मूठ पूर्ण पिळलेली असताना तुमच्याकडे फक्त ब्रेक उरतो, आणि मागून ट्रेलर येत असताना ब्रेक हा दरवेळी चांगला पर्याय नसतो.

ट्रेलरवरून आठवलं. अमेरिकेतले मोठे ट्रेलर-ट्रक वीस-बावीस मीटर लांब असतात. अशा ट्रकच्या मागून सुटून सुरक्षितपणे पुढे जायला त्याच्यापेक्षा चाळीसएक मीटर जास्त कापावे लागतात. ट्रक ९५ ला आणि तुम्ही १०० ला असाल, तर या कामाला जवळपास अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ तुम्ही त्याच्या चाकांशेजारी, त्याच्या आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात असता. वेगात २० चा फरक ठेवता आला तर हेच काम सात सेकंदांत उरकतं. शिवाय ट्रकच्या तोंडाशी हवा बाहेर ढकलते आणि बाजूला आत ओढते. हलक्या गाडीला हा धक्का आणि ओढ जास्त जाणवते. घाबरून हँडल आवळून धरलं की गाडी आणखी वळवळते.

चढणारा रॅम्प ही वेगळीच परीक्षा. लॉस एंजेलिस ते पासाडेना हा अरोयो सेको पार्कवे १९४० साली सुरू झाला. अमेरिकेच्या पश्चिमेतला पहिला फ्रीवे म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो आखला होता ताशी ४५ मैलांसाठी. त्याच्या काही रॅम्पच्या शेवटी आजही ‘स्टॉप’ची पाटी आहे: पूर्ण थांबा, फट शोधा, आणि शून्यापासून धावत्या वाहतुकीत घुसा. नव्या फ्रीवेंवर रॅम्प लांब असतात, पण गर्दीच्या वेळी त्यावर सिग्नल लागतो आणि एकेक गाडी सोडतात. सिग्नलपासून लेन मिळेपर्यंत समजा दीडशे मीटर आहेत. तेवढ्यात दीडशे सीसीची गाडी जीव खाऊन सत्तर-पंचाहत्तरला पोचते. अडीचशेची चांगली गाडी नव्वदच्या पुढे असते. शेजारच्या लेनमध्ये ११० ची रांग असेल, तर हा वीसएक किलोमीटरचा फरक फार मोठा आहे.

मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांचं काय होतं, ते बघण्यासारखं आहे. समोरचं वाहन आपल्यापेक्षा हळू आहे हे आपण अंतर मोजून ओळखत नाही. त्याची प्रतिमा डोळ्यात किती झपाट्याने मोठी होतेय, त्यावरून ओळखतो. ते वाहन आपल्या डोळ्याशी जो कोन करतं, तो सेकंदाला साधारण ०.००३ रेडियनने, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने, वाढायला लागला, की ‘आपण जवळ चाललोय’ हे जाणवतं. त्याआधी नुसतं ‘पुढे काहीतरी आहे’ एवढंच कळतं. आता मोटरसायकल ८० ला आणि मागची कार १२० ला धरू. पुढे १.८ मीटर रुंद कार असती, तर मागच्याला हा फरक ८० मीटरांच्या आसपास जाणवला असता. मोटरसायकल आणि स्वार मिळून रुंदी ०.८ मीटर. त्यामुळे तोच फरक जाणवतो साधारण ५४ मीटरांवर. वेळ उरतो पाच सेकंद. जागा ड्रायव्हर असेल तर पाच सेकंद पुरतात. त्याने तीन सेकंद फोनकडे पाहिलं, तर दोन उरतात. रात्री तर कारचे दोन लाल दिवे एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात आणि त्यावरून अंदाज येतो. मोटरसायकलचा दिवा एकच. तो कशापासून दूर सरकणार?

हळू जाणारी वाहनंही धोक्यात असतात, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये दाखवलेला आलेख प्रसिद्ध आहे. वाहतुकीच्या सरासरी वेगाच्या आसपास चालणाऱ्यांचे अपघात सर्वांत कमी, आणि दोन्ही बाजूंना दूर जाऊ तसे ते वाढत जातात. इंग्रजी यू अक्षरासारखी रेषा. वेगाने हाकणाऱ्यांनी हा आलेख पुढे ढाल म्हणून फार वापरला. पण त्यातल्या हळू वाहनांमध्ये वळायला थांबलेली, नुकतीच रस्त्यावर आलेली वाहनंही मोजली गेली होती. नंतरच्या अभ्यासांत ती वगळल्यावर डावी बाजू बरीच बसली. त्यामुळे ‘हळू जाणंच घातक’ असं सरसकट म्हणता येत नाही. कारमध्ये हळू जाणाऱ्याच्या पाठीमागे निदान डिकी असते, हा फरक मात्र आलेखात दिसत नाही.

लहान गाडीवर लादले जाणारे काही आरोप खोटेही आहेत. ‘इंजिन फुटेल’ हा त्यातला एक. लहान इंजिनं जास्त फेऱ्यांवर चालण्यासाठीच बनवलेली असतात. निंजा २५० चं इंजिन फ्रीवेच्या वेगाला मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि तिची लाल रेघ, म्हणजे ओलांडू नये ती मर्यादा, १३,००० ला आहे. तेलाची पातळी बघितली की तिला काही होत नाही. स्वाराचे हात मात्र बधिर होतात. दुसरा आरोप डुलण्याचा. कॅलिफोर्नियाच्या काँक्रीटवर पावसाचं पाणी निघून जावं म्हणून लांबीच्या दिशेने बारीक खाचा पाडलेल्या असतात. अरुंद टायरची हलकी गाडी त्यांच्यावर उगाच डावी-उजवी सरकते आणि नवखा स्वार समजतो की टायर पंक्चर झाला. तसं काही नसतं. हँडल सैल धरायचं आणि तिला डुलू द्यायचं.

आणि मुळात फ्रीवे हा मोटरसायकलसाठी वाईट रस्ता नाही. हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यांचा अहवाल १९८१ चा. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टकरीचे होते, आणि त्यातल्या दोन-तृतीयांशांत समोरच्याने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता कापला होता. सर्वाधिक धोका चौकात. मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत प्रमाणाने कमी सापडल्या, पण सापडल्या तेव्हा इजा जास्त गंभीर. फ्रीवेवर चौक नाही, समोरून येणारं नाही, डावीकडे वळताना आडवं येणारं नाही. तीनशे सीसीच्या गाडीवर वेग सांभाळणाऱ्या माणसाला मी बे एरियातल्या, सिग्नलांनी भरलेल्या एल कामिनो रिआल रस्त्यापेक्षा शेजारचा फ्रीवे घे असंच सांगेन.

देशोदेशीच्या रेघा बघितल्या की सीसीचा फोलपणा कळतो. ब्रिटनमध्ये पन्नास सीसीच्या आतल्या गाड्यांना आणि शिकाऊंना मोटरवेवर बंदी, पक्कं लायसन असेल तर १२५ चालते. जपानमध्ये १२५ च्या वर हवी. इटलीत वर्षानुवर्षं १५० ची अट होती. दक्षिण कोरियात द्रुतगती मार्गावर कुठलीच मोटरसायकल नाही. मला शहाणा वाटतो तो जर्मनीचा नियम: ऑटोबानवर येणाऱ्या वाहनाची रचना ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगासाठी हवी. आकडा कमी आहे, पण निदान योग्य गोष्ट मोजतो. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सीसीचा प्रश्नच नाही, स्प्लेंडर असो की साडेसहाशेची एनफिल्ड, सगळ्या दुचाकींना जुन्या हायवेनेच जावं लागतं. आपल्याकडच्या बहुसंख्य दुचाकी १०० ते १२५ सीसीच्या असताना टोलनाक्यावर इंजिन तपासत बसणं कुणाला जमणार होतं?

कॅलिफोर्नियात सेकंडहँड गाडी बघणाऱ्याने मात्र सीसी सोडून अश्वशक्ती विचारावी. होंडा रिबेल २५० आणि कावासाकी निंजा २५०, दोन्ही शिकाऊंच्या आवडत्या, दोन्ही कायद्याने फ्रीवेवर चालणाऱ्या. रिबेलचं इंजिन २३४ सीसीचं, ताकद सोळा-सतरा अश्वशक्ती. निंजाची तिशीच्या आसपास. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, रिबेल ११० ला पोचते आणि सगळं ठीक वाटतं. पूर्वेच्या माउंटन हाउस गावाकडून बे एरियाकडे निघालं की आय-५८० या फ्रीवेवर आल्टमाँट पास ही खिंड लागते. तिथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत, उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा वारा थेट तोंडावर येतो. ताशी २५ किलोमीटरचा वारा धरला तरी रिबेल सपाटीवरच ९५ च्या खाली येते, चढाला पाचवा गिअर ओढत नाही, चौथ्यात आणावी लागते. निंजा तोच वारा खाऊन ११५ च्या पुढे राहते.