जोरात गेलं की वेळ वाचतो?

"रस्ता मोकळा असेल तर थोडं दाबून घ्यावं, बराच वेळ वाचतो." हा समज फार जुना आहे, आणि तसं वाटणं स्वाभाविकही आहे.

हिशेब करून बघू. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. सलग 60 च्या वेगाने 20 मिनिटं, 80 ने 15. म्हणजे फार तर पाच मिनिटं वाचतात, तीही कागदावर. शिवाजी पूल, केर्लीची गर्दी, वाघबीळचा चढ, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. यात तीही उरत नाहीत. एक दिवस जोरात, एक दिवस शांतपणे जाऊन ताडून बघा असं मी सांगणार नाही. नेहमीच्या वेगाने जा आणि पुढे काढून गेलेली गाडी पुढच्या चौकात कुठे भेटते ते पाहा.

खरा फरक थांबण्यात पडतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर 60 ची गाडी सुमारे 37 मीटरवर थांबते. 80 ची गाडी त्याच जागी अजून 60 च्या आसपास धावत असते. समोर शाळेतलं पोर असेल तर?