फोटोग्रेव्ह्यूर

छायाचित्र तांब्याच्या पत्र्यावर आम्लासारख्या द्रावणाने कोरून, त्या खळग्यांत शाई भरून कागदावर छापण्याची पद्धत. वर्तमानपत्रातले चित्र भिंगाखाली धरले की ठिपके दिसतात: गडद भागात मोठे, उजळ भागात बारीक. शाईचा थर मात्र सगळीकडे सारखाच. फोटोग्रेव्ह्यूरमध्ये गडदपणा ठरतो तो खळग्याच्या खोलीवरून. खोल खळग्यात शाई जास्त मावते, उथळ खळग्यात जेमतेम. सावल्यांतला मखमली काळेपणा येतो तो यामुळेच, आणि शाईचाच छाप असल्याने चांदीच्या क्षारांवर काढलेल्या जुन्या फोटोंसारखा तो विटतही नाही.

इंग्लंडमध्ये छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट यांनी १८५२ आणि १८५८ मध्ये या दिशेने पेटंट घेतली. पद्धत खऱ्या अर्थाने हाताशी आली ती चेक चित्रकार कारेल क्लीच यांनी १८७९ मध्ये व्हिएन्नात तिला दिलेल्या रूपामुळे.

पत्रा आधी घासून लख्ख करतात. बंद पेटीत उडवलेली राळेची किंवा डांबराची बारीक भुकटी त्यावर बसू देतात आणि खालून ऊब देऊन ती चिकटवतात. याच कणांमुळे खळग्यात शाई धरून ठेवणारा खडबडीतपणा येतो. दुसरीकडे जिलेटिनचा थर दिलेला कागद (कार्बन टिश्यू) पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवून, वाळवून, पारदर्शक पॉझिटिव्हखाली (मूळ चित्राप्रमाणेच गडद-उजळ असलेल्या प्रतिमेखाली) उजेडात ठेवतात. जितका उजेड लागेल तितके जिलेटिन घट्ट होते. हा कागद पत्र्यावर चिकटवून कोमट पाण्यात धुतला की कागद सुटतो, न घट्टलेले जिलेटिन वाहून जाते आणि पत्र्यावर चित्राचा उंचसखल थर उरतो: उजळ भागी जाड, सावलीत पातळ. मग तांबे कोरणारे फेरिक क्लोराइड. सुरुवातीचे दाट द्रावण फक्त पातळ थरातून आत शिरते. पुढे पाणी वाढवत नेतात तसतसे ते जाड थरही भेदू लागते. या टप्प्यावर पत्र्यावरून नजर हलवता येत नाही, कारण जास्त कोरलेले परत भरून येत नाही.

छापताना कोमट पत्र्यावर घट्ट शाई चोळतात, जाळीदार कापडाने वरची पुसतात, शेवटचा हात तळव्याने फिरवतात. वर ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा काढला की दाबाने कागद खळग्यांतली शाई उचलतो.

न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ या काळात काढलेल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाने या छापांना कलाकृतीचा मान मिळवून दिला. १९०४ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात मूळ छायाचित्रे वेळेवर पोहोचली नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी मासिकातलेच छाप टांगले गेले आणि बहुतेकांना ते मूळच वाटले.

मोठ्या संख्येच्या छपाईसाठी भुकटीऐवजी जाळी आणि पत्र्याऐवजी फिरता दंडगोल आला. स्वतंत्र भारताची १९४८ ची गांधीजींची तिकिटे याच तंत्राने स्वित्झर्लंडमध्ये छापून आणली होती. १९५२ ची कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची सहा तिकिटे मात्र नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापली गेली. अशा तिकिटावर भिंग धरले, तर जाळीमुळे अक्षरांच्या कडा किंचित दातेरी दिसतात.